आधुनिक भयकथेवरील प्रत्यक्ष भूमिकाखेळ : स्वरूप, नियम आणि मर्यादा

प्रस्तावना

मराठी भाषेत 'खेळ' हा शब्द मैदानी खेळासाठी जसा वापरला जातो, तसाच तो नाटकाच्या, तमाशाच्या किंवा दशावताराच्या प्रयोगासाठीही वापरला जातो. खेळणे आणि सोंग घेणे या दोन कृतींचे नाते आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे. नाटकाच्या खेळात मात्र काही गोष्टी निश्चित असतात. नट एका बाजूला आणि प्रेक्षक दुसऱ्या बाजूला असतो, संहिता आधी लिहिलेली असते आणि पडदा पडला की प्रयोग संपतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपमध्ये असा एक खेळप्रकार विकसित झाला की ज्यात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. तेथे प्रेक्षक नसतो, संवाद लिहिलेले नसतात आणि रंगमंचाची चौकटही नसते. प्रत्येक सहभागी व्यक्ती एक पात्र होऊन काही तास वावरते, बोलते आणि निर्णय घेते. या प्रकारास इंग्रजीत 'लाइव्ह ॲक्शन रोलप्लेइंग' व संक्षेपाने 'लार्प' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'प्रत्यक्ष भूमिकाखेळ' अशी संज्ञा वापरली आहे.

या खेळप्रकाराची एक महत्त्वाची शाखा आधुनिक काळातील भयकथेवर आधारलेली आहे. त्यातील पात्रे आजच्याच शहरात, आजच्याच कपड्यांत वावरतात. फक्त त्या शहराच्या आड एक अमानुष, भयावह जग दडलेले आहे असे मानले जाते. हे खेळ कसे चालतात, त्यांचे नियम कोणत्या गरजेतून निर्माण झाले आणि त्यांच्यासंबंधी कोणते नैतिक प्रश्न उपस्थित झाले, याची ओळख मराठी वाचकांस करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील प्रमुख प्रतिपादन असे की, आधुनिक भयकथेच्या खेळात खेळ आणि वास्तव यांतील सीमारेषा जागेने किंवा वेशाने आखली जात नाही. ती नियमांनी, संकेतांनी व परस्पर संमतीने आखावी लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक भूमिकाखेळाचा आरंभ सामान्यतः १९७४ पासून मानला जातो. त्या वर्षी गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत प्रकाशित झाला. टेबलाभोवती बसून, फाशांच्या साहाय्याने, एका सूत्रधाराच्या मार्गदर्शनाखाली काल्पनिक वीरांची साहसकथा रचणे हे त्याचे स्वरूप होते. पुढे काही गटांनी टेबल सोडून प्रत्यक्ष मोकळ्या जागेत खेळण्यास सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९८२ साली चेशायर परगण्यातील पेकफोर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' या नावाने असे खेळ सुरू झाले. या आरंभीच्या खेळांचे विश्व बहुधा मध्ययुगीन अद्भुतकथेचे होते. त्यात चिलखते, मऊ आवरणाची लुटुपुटुची शस्त्रे आणि राक्षसांची सोंगे असत. चिलखत चढवले की खेळ सुरू आणि ते उतरवले की खेळ समाप्त, इतकी ही सीमा स्पष्ट होती.

भयकथेचा प्रवेश प्रथम टेबलावरील खेळांतून झाला. १९८१ मध्ये सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ कथुलू' हा खेळ केओसियम या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केला. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) यांच्या कथाविश्वावर तो आधारित होता. त्यात पात्राचे मानसिक संतुलन आकड्यांत मोजले जाई आणि अमानुष सत्याचे दर्शन जसजसे होत जाई तसतसा तो आकडा घटत जाई. साहसकथेतील नायक अनुभवाने अधिकाधिक समर्थ होतो. येथे मात्र ज्ञानाने पात्र खचत जाते. भूमिकाखेळाच्या रचनेत झालेला हा मूलगामी बदल होता.

यानंतरचा निर्णायक टप्पा म्हणजे १९९१ साली व्हाइट वुल्फ या अमेरिकन संस्थेने प्रकाशित केलेला, मार्क राइन-हेगन यांनी रचलेला 'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा खेळ होय. यात खेळाडू राक्षसाशी लढत नाही. तो स्वतःच राक्षस असतो. रक्त पिऊन जगणाऱ्या पिशाचाची भूमिका त्याच्या वाट्याला येते आणि आपल्यातील माणूसपण किती काळ टिकवता येईल, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न असतो. पात्राच्या माणुसकीची पातळीही आकड्यात नोंदवली जाते आणि क्रूर कृत्यांमुळे ती खाली येते. भयाचे केंद्र बाहेरच्या अंधारातून पात्राच्या अंतःकरणात हलवले गेले. त्यामुळे या खेळास त्याच्या कर्त्यांनी 'व्यक्तिगत भयाचा' खेळ म्हटले ते सार्थ ठरते.

या खेळाचे विश्व आजच्या महानगराचे होते. त्यातील पिशाचे सभा भरवीत, कुळाकुळांत राजकारण करीत आणि शब्दांनी एकमेकांवर मात करीत. अशा विषयासाठी फाशांपेक्षा प्रत्यक्ष वावरच अधिक सोयीचा होता. १९९३ मध्ये व्हाइट वुल्फने 'माइंड्स आय थिएटर' या मालेत याच खेळाचे प्रत्यक्ष भूमिकाखेळात रूपांतर केले. 'द कामारिया' या नावाच्या रसिक संघटनेने विविध शहरांतील गटांना एका समान कथेत जोडले. एका शहरातील घटनेचे पडसाद दुसऱ्या शहरातील खेळात उमटू लागले.

खेळाची कार्यपद्धती

या खेळाची पद्धती समजून घेण्यासाठी एक उदाहरण उपयुक्त ठरेल. वीस-पंचवीस व्यक्ती एका सभागृहात जमल्या आहेत असे समजू. प्रत्येकाने आपले पात्र आधीच तयार केलेले असते. त्या पात्राचे गुण विशेषणांच्या रूपात लिहिलेले असतात आणि ते शारीरिक, सामाजिक व मानसिक अशा तीन वर्गांत विभागलेले असतात. 'चपळ' हे शारीरिक विशेषण, 'मोहक' हे सामाजिक आणि 'धूर्त' हे मानसिक. पात्रे परस्परांशी प्रत्यक्ष बोलतात, कट रचतात, तह करतात. या बोलण्यासाठी कोणताही नियम लागत नाही.

जेथे एका पात्राची इच्छा दुसऱ्या पात्राच्या इच्छेला छेद देते तेथे नियम लागतो. समजा, एका पात्रास दुसऱ्याला मोहात पाडून गुपित काढून घ्यावयाचे आहे. आव्हान देणारा खेळाडू आपले एखादे सामाजिक विशेषण पणास लावतो, प्रतिस्पर्धीही आपले एक विशेषण पुढे करतो आणि मग दोघे दगड-कागद-कात्रीच्या हातखुणा करतात. जो हरतो तो पणास लावलेले विशेषण गमावतो. बरोबरी झाल्यास त्या वर्गात कोणाकडे अधिक विशेषणे शिल्लक आहेत ते पाहिले जाते. वाद निर्माण झाल्यास सूत्रधाराचा निर्णय अंतिम असतो. मारामारी, पाठलाग, मृत्यू या सर्व गोष्टींचा निकाल याच पद्धतीने लागतो. प्रत्यक्षात कोणीही कोणाला स्पर्श करीत नाही.

ज्या गोष्टी दाखवता येत नाहीत त्यांच्यासाठी खुणा ठरलेल्या असतात. छातीवर दोन्ही हात एकमेकांवर आडवे ठेवून चालणारा खेळाडू अदृश्य आहे असे मानले जाते. तो डोळ्यांना दिसत असला तरी इतर पात्रांनी त्यास न पाहिल्यासारखे वागावयाचे असते. बालपणी भातुकलीत पानाचा पैसा आणि मातीचा भात सर्वांनी मान्य केलेला असतो. येथील संकेतांची जातकुळीही तीच आहे. सर्वांच्या संमतीखेरीज त्याला कोणतेही बळ नाही.

मूळ नियमांचा अर्थ

१९९३ च्या नियमांत काही बंधने सर्वांत वरची मानलेली होती : स्पर्श करावयाचा नाही, खरी शस्त्रे किंवा शस्त्रासारख्या वस्तू आणावयाच्या नाहीत, मद्य वा अमली पदार्थ घेऊन खेळावयाचे नाही, आसपासच्या त्रयस्थांचे भान ठेवावयाचे आणि हा केवळ खेळ आहे हे विसरावयाचे नाही. वरवर पाहता ही शिस्तीची सामान्य कलमे वाटतात. परंतु आधुनिक भयकथेच्या संदर्भात त्यांना विशेष अर्थ आहे.

मध्ययुगीन वेशातील योद्धा रस्त्यावर दिसला तर पाहणाऱ्यास ते सोंग आहे हे तत्काळ कळते. काळा कोट घातलेला तरुण दुसऱ्यास 'आज रात्री तू मरशील' असे म्हणताना ऐकू आला तर मात्र ते सोंग आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग त्रयस्थाकडे नसतो. हातात खोटे पिस्तूल असेल तर परिणाम गंभीर होऊ शकतो. म्हणून येथे शस्त्राच्या जागी कागदाचा तुकडा चालतो, पण शस्त्राची प्रतिकृती चालत नाही. जेवढे कथानक वास्तवाच्या जवळ, तेवढी साधने वास्तवापासून दूर ठेवावी लागतात.

या संदर्भात खेळाच्या नावातील 'मास्करेड' हा शब्द लक्षणीय आहे. कथेच्या पातळीवर त्याचा अर्थ असा की, पिशाचांनी आपले अस्तित्व मानवांपासून लपवून ठेवावे. जो ते उघड करील त्यास त्यांच्याच समाजाकडून शिक्षा होते. खेळाच्या पातळीवर हाच नियम वेगळे काम करतो. सार्वजनिक ठिकाणी खेळणाऱ्यांनी आरडाओरडा करू नये, लोकांना घाबरवू नये, ही सभ्यतेची अपेक्षा कथेच्याच नियमातून पूर्ण होते. पात्राचे हित आणि नागरिकाचे कर्तव्य येथे एकाच दिशेने जातात. उत्तम नियमरचनेचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

सीमारेषेचा प्रश्न

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळ हा दैनंदिन जीवनापासून स्थळ व काळ यांनी विलग केलेला असतो असे प्रतिपादन केले. त्यांनी उल्लेखिलेले 'मायावर्तुळ' पुढे केटी सेलन व एरिक झिमरमन यांनी २००३ मध्ये खेळरचनेच्या अभ्यासातील संकल्पना म्हणून रूढ केले. आधुनिक भयकथेचे खेळ या संकल्पनेची कसोटी पाहतात. फिनलंडमधील अभ्यासक मार्कस मोंटोला यांनी सर्वव्यापी खेळांची व्याख्या करताना असे दाखवून दिले की, काही खेळ हे वर्तुळ स्थळ, काळ किंवा समाज या तीन दिशांनी विस्तारतात. खेळ कोठे चालला आहे, केव्हा चालला आहे आणि कोण खेळत आहे, यांपैकी एक वा अधिक गोष्टी अनिश्चित होतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे २००६ साली स्टॉकहोममध्ये झालेला 'मोमेंटम' हा खेळ. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्यावर चाललेल्या एका संशोधन प्रकल्पाचा तो भाग होता. त्यात सहभागी व्यक्ती स्वतःच्याच नावाने वावरत, मात्र मृत क्रांतिकारकांचे आत्मे आपल्यात संचारतात अशी भूमिका त्यांनी स्वीकारलेली होती. हा खेळ पाच आठवड्यांहून अधिक काळ, खेळाडूंच्या नित्याच्या जीवनाबरोबरच चालू होता. २०१७ मध्ये बर्लिन शहरातील फ्रीड्रिक्सहाइन भागात 'एन्लाइटनमेंट इन ब्लड' हा पिशाचकथेवरील खेळ अनेक ठिकाणी एकाच वेळी खेळला गेला. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना खेळाडू शहरातील रस्त्यांवरूनच जात. अशा वेळी खेळाचे सभागृह हेच शहर होते.

सीमा पुसट झाल्याने मनावर होणाऱ्या परिणामासाठी अमेरिकन खेळरचनाकार एमिली केअर बॉस यांनी २००७ मध्ये 'ब्लीड' ही संज्ञा वापरली. कापडाचा रंग धुताना दुसऱ्या कापडास लागावा तसा पात्राचा भाव खेळाडूस आणि खेळाडूचा भाव पात्रास लागतो, असा तिचा आशय सांगता येईल. प्रत्यक्ष जीवनात एखाद्यावर रुष्ट असलेला खेळाडू पात्राच्या आडून त्याचा सूड घेऊ शकतो. उलट, कथेत विश्वासघात झालेला खेळाडू घरी गेल्यावरही अस्वस्थ राहू शकतो. हा अनुभव सर्वस्वी अनिष्ट आहे असे नाही. अनेक जण त्यासाठीच खेळतात. तो अनपेक्षित व असहाय अवस्थेत येऊ नये, एवढीच काळजी घ्यावी लागते.

समाजाची भीती आणि तिचे मूल्यमापन

भूमिकाखेळांविषयी समाजात वेळोवेळी भीती व्यक्त झाली. १९७९ साली मिशिगन राज्य विद्यापीठातील एक विद्यार्थी बेपत्ता झाला तेव्हा तो विद्यापीठाच्या भूमिगत वाफवाहिन्यांच्या बोगद्यांत भूमिकाखेळ खेळताना हरवला, असा तर्क वृत्तपत्रांतून पसरला. प्रत्यक्षात तो तीव्र मानसिक क्लेशात होता व त्याच्या जाण्याचे कारण खेळ नव्हते. तरीही या तर्काच्या आधारे लिहिलेली रोना जॅफे यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी १९८१ मध्ये व तिच्यावरील दूरचित्रपट १९८२ मध्ये आला आणि गैरसमज दृढ झाला. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडातील युस्टिस येथे एका दांपत्याची हत्या झाली. प्रमुख आरोपी सोळा वर्षांचा असून स्वतःस पिशाच म्हणवीत असे. त्याचा 'व्हॅम्पायर' खेळाशी आलेला संबंध वृत्तमाध्यमांनी ठळकपणे मांडला.

या घटनांचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळणे आवश्यक आहे. एका अपवादात्मक गुन्ह्यावरून त्याच काळी हजारो व्यक्ती शांतपणे खेळत असलेल्या खेळास दोषी ठरवणे तर्कसंगत नाही. त्याचबरोबर, 'हा तर केवळ खेळ' असे म्हणून सर्व जबाबदारी झटकणेही योग्य नाही. पहिल्या घटनेतून वेगळाच बोध होतो. खेळावर सारे लक्ष केंद्रित झाल्याने एका तरुणाचे खरे दुःख दृष्टीआड झाले.

भयकथा आधुनिक असण्यामुळे आणखी एक प्रश्न निर्माण होतो. आजच्या जगावर कथा रचताना आजच्या माणसांची खरी दुःखे कथेची सामग्री बनतात. २०१८ मध्ये 'व्हॅम्पायर' खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या मालेतील एका पुस्तकात चेचन्यामधील समलिंगी व्यक्तींच्या छळाचा संबंध पिशाचांच्या कारस्थानाशी जोडला गेला. तो छळ त्या काळात प्रत्यक्ष घडत होता. तीव्र टीका झाल्यानंतर प्रकाशकांनी क्षमायाचना केली आणि तो भाग काढून टाकला. २०१५ पासून व्हाइट वुल्फची मालकी असलेल्या पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हाइट वुल्फचे स्वतंत्र कामकाज थांबवल्याचे जाहीर केले. पीडितांचे दुःख काल्पनिक पिशाचांच्या खात्यावर टाकले की खरे अपराधी सुटतात, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

संमती आणि सुरक्षिततेच्या पद्धती

सीमारेषा राखण्याच्या दृष्टीने दोन परंपरा विकसित झाल्या. अमेरिकन परंपरेने हिंसा व स्पर्श यांना हातखुणा आणि विशेषणांच्या मागे ठेवले. शरीर सुरक्षित राहते, परंतु प्रत्येक आव्हानाच्या वेळी कथा थांबते, ही तिची उणीव होय. नॉर्डिक देशांत मात्र जे दिसते ते तसेच कथेत आहे असे मानण्याकडे कल राहिला. १९९७ साली ओस्लो येथे आरंभ झालेल्या 'क्नुटेपुंक्ट' या वार्षिक संमेलनाने या विचारास व्यासपीठ दिले. २०१६ मध्ये हेलसिंकी येथे झालेला 'एंड ऑफ द लाइन' हा पिशाचकथेवरील खेळ याच परंपरेत रचला गेला. नियमांचा आडपडदा कमी केला की संमतीची जबाबदारी वाढते, हे तेथील रचनाकारांनी जाणले. त्यातून पुढील पद्धती रूढ झाल्या :

१) पूर्वतयारी : खेळापूर्वी एकत्र सराव घेतला जातो. कथेत कोणते विषय येतील हे आधी सांगितले जाते. कथानकाचे रहस्य राखता येते, परंतु भयाचा प्रकार लपवला जात नाही.

२) थांबण्याचे संकेत : एक शब्द उच्चारताच खेळ तत्काळ थांबतो, दुसरा शब्द उच्चारला तर प्रसंगाची तीव्रता कमी केली जाते. इंग्रजीत यांसाठी 'कट' आणि 'ब्रेक' हे शब्द वापरतात. थांबवणाऱ्यास कारण विचारले जात नाही.

३) मुक्त निर्गमन : डोळ्यांवर हाताची सावली धरून खेळाडू कोणासही स्पष्टीकरण न देता प्रसंगातून बाहेर पडू शकतो.

४) समारोपाची बैठक : खेळ संपल्यावर सहभागी व्यक्ती स्वतःच्या नावाने एकत्र बसतात व अनुभव सांगतात. ज्याने क्रूर पात्र वठवले त्यास इतरांनी पुन्हा माणूस म्हणून ओळखणे हा या बैठकीचा गाभा असतो.

यांपैकी शेवटची पद्धत मानसशास्त्राच्या अभ्यासकांस अपरिचित वाटणार नाही. जेकब मोरेनो (१८८९-१९७४) यांनी विकसित केलेल्या मनोनाट्य उपचारपद्धतीतही भूमिका उतरवून ठेवणे व नंतर अनुभव वाटून घेणे यांस स्वतंत्र स्थान आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, आधुनिक भयकथेवरील प्रत्यक्ष भूमिकाखेळांत घाबरवणे हे तुलनेने सोपे काम आहे. परिचित शहर, परिचित चेहरे व थोडा अंधार एवढे त्यास पुरते. अवघड असते ते परत आणणे. या खेळांच्या नियमांचा बहुतांश विकास या परतीच्या वाटेसाठी झाला आहे. स्पर्शास मनाई करणारा पहिला नियम असो किंवा निमूटपणे निघून जाण्याची मुभा देणारी हातखूण असो, दोहोंचा आशय एकच : पात्राला काहीही होऊ शकते, व्यक्तीला मात्र तिच्या संमतीवाचून काहीही होता कामा नये.

हा विचार आपल्या शिक्षणक्षेत्रासही उपयुक्त आहे. अध्यापक शिक्षण, समाजकार्य, परिचर्या अशा अभ्यासक्रमांत भूमिकाभिनय ही अध्यापनपद्धती म्हणून वापरली जाते. हुंडाबळी, जातीय छळ, व्यसनाधीनता यांसारखे विषय विद्यार्थ्यांकडून वठवून घेतले जातात. त्यांतील एखादा विषय वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरातला असू शकतो, याचे भान नेहमीच ठेवले जाते असे नाही. विषयाची पूर्वकल्पना देणे, कारण न विचारता थांबण्याची मोकळीक देणे आणि शेवटी भूमिका उतरवून सर्वांशी बोलणे या तीन गोष्टींना वेगळे साहित्य लागत नाही, खर्चही येत नाही. सोंग घेण्यास सांगणाऱ्याने सोंग उतरवण्याचीही व्यवस्था केली पाहिजे, हा या खेळांचा सर्वांत महत्त्वाचा धडा होय.